इंग्रजीत बोललेलं मागे कसं घ्यायचं: कोणता शब्द, कोणत्या क्रमाने

वाळूजच्या वर्कशॉपमधून पुण्याच्या कस्टमरला गेलेला मेल असो, लातूरच्या डाळमिलमधून चेन्नईच्या व्यापाऱ्याला कळवलेला दर असो, की नांदेडच्या मुलाने ऑनलाइन मुलाखतीत फेकलेलं एखादं वाक्य असो, चूक होते आणि ती मागे घ्यावी लागते. मराठीत आपलं कुठं अडत नाही. ‘उगंच बोललो बघा, मनावर घेऊ नका’ म्हटलं की भागतं. इंग्रजीत नेमकं इथंच घोडं अडतं. ‘आय टेक माय वर्ड बॅक’, ‘आय डिनाय माय स्टेटमेंट’, ‘प्लीज डोन्ट माइंड’ ही तीन वाक्यं मला सारखी दिसतात. पहिलं ऐकून समोरच्याला वाटतं, हा दिलेलं वचन मोडतोय. दुसरं ऐकून वाटतं, हा असं बोललोच नव्हतो म्हणतोय. तिसऱ्याने तर काहीच मागे घेतलं जात नाही.

खाली दिलेला क्रम पाळा. वाक्यं पाठ करण्याची घाई नको. क्रम बरोबर असेल तर साधं इंग्रजीही पुरतं.

आधीची तयारी: मेल उघडण्यापूर्वी

मूळ वाक्य जसंच्या तसं समोर घ्या. आठवणीतून नको. मेल असेल तर तारीख, वेळ आणि सीसीमध्ये कोण कोण होतं ते पाहा. तोंडी बोलणं असेल तर शक्य तितके तेच शब्द कागदावर लिहा. पुष्कळ वेळा असं दिसतं की चूक अख्ख्या मेलमध्ये नसून एकाच ओळीत आहे. मागे घ्यायची ती तेवढी ओळ. सगळा मेल मागे घेतला तर त्यातल्या चार खऱ्या गोष्टीही वाया जातात.

दुसरं, बरोबर काय आहे ते हातात हवं. आकडा चुकला असेल तर खरा आकडा, दोष चुकीच्या माणसावर टाकला असेल तर खरं कारण. ते कळलेलं नसताना मागे घ्यायला गेलात तर उद्या हे दुसरं वाक्यही मागे घ्यावं लागेल.

*सावध:* नुकसान तातडीने थांबवायचं असेल, म्हणजे चुकीचा दर गेला आहे आणि समोरचा गाडी भरायला सांगेल अशी भीती आहे, तर खऱ्या आकड्याची वाट पाहू नका. एकच ओळ पाठवा: ‘प्लीज होल्ड द रेट आय सेंट धिस मॉर्निंग. आय विल कन्फर्म बाय टू पीएम.’ हे मागे घेणं नव्हे, थांबवणं आहे. मागे घ्यायचा मेल त्यानंतर.

टप्पा १: नेमकं काय मागे घेताय ते ठरवा

स्वतःला एक प्रश्न विचारा: ते वाक्य बोललो तेव्हा मी काय करत होतो? माहिती सांगत होतो, कुणाकडे बोट दाखवत होतो, काही वचन देत होतो, भाव सांगत होतो, की काही मागत होतो?

इंग्रजीत या प्रत्येकासाठी वेगळी वाट आहे. मराठीतलं ‘मागे घेणे’ सगळीकडे चालतं. शब्द मागे घेतो, अर्ज मागे घेतो, तक्रार मागे घेतो, राजीनामाही मागे घेतो. त्यामुळे इंग्रजीतही एकच ‘टेक बॅक’ सगळीकडे ठोकून द्यायची सवय लागते.

माहिती चुकली असेल तर ती दुरुस्त करायची असते. तिथं ‘करेक्ट’ पुरे. आरोप किंवा शेरा असेल तर तो मागे घ्यायचा आणि वर माफी मागायची. वचन असेल तर ते मागे घेता येतच नाही. पाळता येणार नाही एवढं सांगता येतं. दर, ऑफर, अर्ज, तक्रार आणि राजीनामा यांना स्वतःची ठरलेली क्रियापदं आहेत. ती टप्पा ३ मध्ये येतील.

*तपासा:* उत्तर एका शब्दात आलं का? ‘थोडी माहिती, थोडा आरोप’ असं आलं तर दोन वेगळी वाक्यं लागतील. एका वाक्यात दोन्ही कोंबू नका.

टप्पा २: यंत्राकडून परत मिळतं का ते पाहा

हे काम काही सेकंदांचं आहे. जीमेलमध्ये ‘अनडू सेंड’ असतं आणि त्याची मुदत मुळात ५ सेकंदांची असते. सेटिंगमध्ये जाऊन ती ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. आजच वाढवून ठेवा. आउटलुकमधलं ‘रिकॉल’ साधारणपणे एकाच संस्थेच्या मेलव्यवस्थेत चालतं; बाहेरच्या कस्टमरला गेलेला मेल त्याने परत येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर १५ मिनिटांत बदलता येतो आणि ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ चालतं. पण पुसल्याची खूण तिथं राहते, आणि बदललेल्या मजकुराखाली ‘एडिटेड’ दिसतं.

*सावध:* समोरच्याने वाचलेला मेसेज गुपचूप पुसू नका. वाचलेलं पुसलं की चूक झाकतोय असं दिसतं. निळ्या टिका आल्या असतील तर मेसेज तिथंच राहू द्या आणि खाली दुरुस्ती लिहा.

टप्पा ३: क्रियापद निवडा

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो, म्हणून इथं जरा थांबू.

*टेक बॅक.* बोलण्यातलं, मित्रांतलं, सहकाऱ्यांतलं क्रियापद. ‘आय टेक दॅट बॅक’ किंवा ‘आय टेक इट बॅक’. ‘इट’ आणि ‘दॅट’ मध्ये बसतात, हे ध्यानात ठेवा. ‘आय टेक बॅक इट’ असं इंग्रजीत होत नाही. कर्म लांबलचक असेल तर मात्र ते शेवटी जातं: ‘आय टेक बॅक व्हॉट आय सेड अबाउट युअर टीम.’ ऑफिसच्या औपचारिक पत्रात हे क्रियापद जरा घरगुती वाटतं. कॅन्टीनमध्ये बोललेल्या शेऱ्याला चालेल, ऑडिटच्या उत्तरात नाही.

*विथड्रॉ.* कामकाजाच्या इंग्रजीत शंभरातल्या नव्वद जागी हेच लागतं. शेरा, आरोप, तक्रार, अर्ज, ऑफर, राजीनामा सगळं ‘विथड्रॉ’ होतं. ‘आय विथड्रॉ माय कम्प्लेंट डेटेड १२ जून.’ याचा भूतकाळ ‘विथड्र्यू’ आणि तिसरं रूप ‘विथड्रॉन’. ‘विथड्रॉड’ असा शब्द नाही, तरी अर्जांमध्ये तो सर्रास दिसतो. बँकेच्या विड्रॉल स्लिपमुळे पुष्कळांना हा शब्द फक्त पैशांचाच वाटतो. ग्रामपंचायत निवडणुकीतली अर्ज माघारीची तारीख आठवा, म्हणजे तो डोक्यात बसेल.

*रिट्रॅक्ट.* छापून आलेलं, जाहीर केलेलं, नोंदीवर गेलेलं विधान मागे घेणं. वर्तमानपत्र बातमी रिट्रॅक्ट करतं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणाला टोमणा मारला असेल तर ‘आय रिट्रॅक्ट माय स्टेटमेंट’ म्हणू नका. पत्रकार परिषद घेतल्यासारखं वाटतं.

इथं विद्यापीठातल्या संशोधकांसाठी एक सूचना. शोधनिबंधातल्या एका तक्त्यात आकडा चुकला तर संपादकाला ‘रिट्रॅक्शन’ मागू नका. त्या शब्दाचा अर्थ या निबंधाच्या निष्कर्षावर भरवसा ठेवू नये असा होतो. तुम्हाला हवं असतं ‘करेक्शन’. बहुतेक नियतकालिकं लेखकाच्या चुकीला ‘करिजेंडम’ आणि छपाईतल्या चुकीला ‘एरेटम’ म्हणतात. सरकारी शुद्धिपत्रकाच्या इंग्रजी प्रतीवरही ‘करिजेंडम’च असतं, म्हणजे शब्द ओळखीचा आहे.

*रिव्होक आणि रिसिंड.* ज्याच्या हाती अधिकार आहे त्याची ही क्रियापदं. परवाना, परवानगी, मुखत्यारपत्र रिव्होक होतं. नोकरीची ऑफर, ठराव, करार रिसिंड होतो. साध्या शेऱ्याला यातलं काही लावू नका.

*करेक्ट.* गरीब शब्द, पण चुकीच्या माहितीला याच्याइतका चांगला दुसरा नाही. ‘प्लीज लेट मी करेक्ट द फिगर इन माय लास्ट ईमेल.’ यात नाटक नाही, लोटांगण नाही.

*रिकँट.* हा शब्द गॅलिलिओला शोभतो. १६३३ मध्ये चर्चच्या न्यायासनापुढे त्याला आपलं मत सोडायला लावलं होतं. श्रद्धा किंवा सिद्धान्त दबावाखाली सोडणं म्हणजे रिकँट. इन्व्हॉइसच्या मेलमध्ये त्याचं काम नाही.

*एक्सपंज.* संसदेच्या बातम्यांमध्ये हा दिसतो. लोकसभेच्या नियम ३८० प्रमाणे अध्यक्ष आक्षेपार्ह शब्द कामकाजातून काढून टाकायला सांगू शकतात. बोलणारा स्वतःचं बोलणं एक्सपंज करत नाही, तो ‘विथड्रॉ’ करतो.

आता न वापरायचे शब्द. ‘डिनाय’ म्हणजे नाकारणं, मी तसं म्हटलंच नाही असा दावा करणं. मेल समोर असताना ‘आय डिनाय’ लिहिलंत तर भांडण मिटायच्या ऐवजी वाढेल. ‘कॅन्सल’ ऑर्डरला, तिकिटाला, मीटिंगला, बोलण्याला नाही. ‘रिव्हर्ट’ आपल्याकडे उत्तर देणं या अर्थाने रूढ झालाय. मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणं. ‘आय रिव्हर्ट माय स्टेटमेंट’ या दोन्ही अर्थांत बसत नाही. आणि ‘रिटर्न माय वर्ड्स’ म्हणजे तर शब्द उसने दिले होते, परत द्या, असं झालं.

*तपासा:* निवडलेल्या क्रियापदापुढे तुमचं कर्म ठेवून मोठ्याने वाचा. ‘विथड्रॉ द रिमार्क’ बरोबर. ‘कॅन्सल द रिमार्क’ ऐकताच कानाला खटकलं पाहिजे.

टप्पा ४: ‘वर्ड’ की ‘वर्ड्स’

एका ‘स’ने अर्थ उलटतो. ‘माय वर्ड’ म्हणजे माझं वचन. ‘आय गिव्ह यू माय वर्ड’ म्हणजे शब्द देतो, ‘आय कीप माय वर्ड’ म्हणजे शब्द पाळतो. ‘माय वर्ड्स’ म्हणजे मी तोंडाने बोललो ते. म्हणून ‘आय टेक बॅक माय वर्ड’ ऐकणाऱ्याला शब्द फिरवल्यासारखं लागतं. ‘आय टेक बॅक माय वर्ड्स’ समजतं आणि आपल्याकडे चालूनही जातं, पण ‘आय टेक बॅक व्हॉट आय सेड’ त्याहून स्वाभाविक आहे.

‘गो बॅक ऑन माय वर्ड’ हे अगदीच टाळा. त्याचा अर्थ शब्द फिरवणं, दगा देणं. त्याला औपचारिक भाऊ आहे ‘रिनेग’. दुसऱ्याने तुमच्याशी तसं केलं तर वापरा, स्वतःबद्दल नको.

वचन खरंच पाळता येणार नसेल तर? समजा, शुक्रवारी माल देतो म्हणालात आणि जमत नाही. तिथं मागे घ्यायची भाषाच चुकीची. सरळ लिहा: ‘आय सेड द मटेरियल वुड रीच यू ऑन फ्रायडे. वुई विल नॉट बी एबल टू मीट दॅट डेट. द न्यू डेट इज ट्यूजडे.’ कारण एका ओळीत द्या. तीन ओळींचं कारण वाचून कुणालाच खरं वाटत नाही.

टप्पा ५: लिहिताना वाक्यांचा क्रम

क्रम असा: काय लिहिलं होतं, ते मागे घेतो, खरं काय आहे, माफी असेल तर माफी, पुढे काय करणार. माफी चौथ्या जागी आहे हे पाहून पुष्कळांना चुकल्यासारखं वाटतं. आपल्याला आधी पाया पडायची सवय. पण इंग्रजी मेल वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत ‘सॉरी’ दिसली की तो कशाबद्दल ते शोधत बसतो, आणि मेल फोनवर अर्धवट वाचून सोडतो.

एक मेल जवळून पाहू. वाळूजच्या एका प्रेस शॉपने कस्टमरला कळवलं होतं की पार्टवर गंज तुमच्या स्टोअरमध्ये चढला. नंतर उघड झालं की आपल्याच पॅकिंगला आरपी ऑइल (गंज रोखणारं तेल) न लावता डबे भरले गेले होते. मागे घ्यायला लिहिलेला पहिला मेल असा:

‘डिअर सर, व्हेरी व्हेरी सॉरी फॉर यस्टरडे. ॲक्च्युअली देअर वॉज सम मिसअंडरस्टँडिंग फ्रॉम बोथ साइड्स. आय टेक माय वर्ड बॅक. काइंडली डोन्ट माइंड अँड डू द नीडफुल.’

यात काय काय बिघडलंय पाहा. ‘यस्टरडे’ म्हणजे काय, तो दिवस? ‘बोथ साइड्स’ने कस्टमरलाही चुकीत ओढलं, म्हणजे आरोप मागे घेता घेता अर्धा आरोप पुन्हा केला. ‘माय वर्ड’चं वर सांगितलंच. ‘डोन्ट माइंड’ हे ‘मनावर घेऊ नका’चं शब्दशः रूप; इंग्रजीत त्याने काही भरून निघत नाही. आणि ‘डू द नीडफुल’ म्हणजे कस्टमरने नेमकं काय करायचं? गंज कुठून आला ते तर कुठंच नाही. एवढा मेल वाचून कस्टमरच्या क्वालिटीवाल्याला फोन करून विचारावं लागतं, की बाबा, तुला म्हणायचंय काय.

तोच मेल नीट लिहिला तर असा होतो. विषयाच्या ओळीत: ‘लॉट ४१, रस्ट: माय रिमार्क ऑफ १२ जून विथड्रॉन.’ आणि खाली:

‘डिअर सर, इन माय ईमेल ऑफ १२ जून, आय रोट दॅट द रस्ट ऑन लॉट ४१ वॉज कॉज्ड बाय स्टोरेज ॲट युअर एंड. आय विथड्रॉ दॅट स्टेटमेंट. अवर ओन चेक शोज दॅट द पार्ट्स वेअर पॅक्ड हिअर विदाउट आरपी ऑइल. आय अपॉलोजाइज फॉर ब्लेमिंग युअर स्टोअर टीम. अ रिप्लेसमेंट लॉट विल रीच यू बाय १७ जून.’

पाच छोटी वाक्यं. एकही अवघड शब्द नाही. ‘व्हेरी व्हेरी’ नाही, तरी माफी पहिल्यापेक्षा खरी वाटते, कारण ती कशाची आहे ते लिहिलंय.

*सावध:* ‘आय ॲम सॉरी इफ एनीवन वॉज हर्ट’ हे वाक्य पुढाऱ्यांनी इतकं वापरलंय की ते ऐकताच माफी नाही हे कळतं. ‘इफ’ काढा. तसंच ‘आय अपॉलोजाइज, बट’ लिहिलंत तर ‘बट’च्या आधीचं सगळं वाहून गेलं समजा.

दराच्या बाबतीत क्रम तोच, पण वेळ महत्त्वाची. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ५ प्रमाणे प्रस्ताव मागे घ्यायचा तर समोरच्याने स्वीकार कळवण्याआधी. चेन्नईवाल्याचा ‘ॲक्सेप्टेड’ असा मेल निघून गेला असेल तर ‘विथड्रॉ’ लिहून सुटका होईलच असं धरू नका. तिथं विनंतीची भाषा लागते. अजून उत्तर आलं नसेल तर लगेच लिहा: ‘द रेट कोटेड इन माय मेसेज ऑफ ११ एएम स्टँड्स विथड्रॉन. द करेक्ट रेट इज ॲज बिलो.’ ‘स्टँड्स विथड्रॉन’ जरा सरकारी वाटतं, पण व्यापाऱ्याच्या मेलमध्ये छान बसतं, कारण त्यात वादाला जागा उरत नाही. चुकीच्या आणि बरोबर दराचे दोन मेल एकाच दिवशी गेले असतील तर आणखी एक ओळ टाका: ‘धिस ईमेल सुपरसीड्स माय अर्लिअर वन.’ म्हणजे मार्केट यार्डात उद्या कुणी जुना मेल दाखवणार नाही.

नुसतं ‘प्लीज इग्नोर माय प्रीव्हियस मेल’ लिहू नका. त्या दिवशी तुम्ही सहा मेल पाठवलेले असतात. कोणता ते वेळेसकट सांगा, आणि ‘इग्नोर’पेक्षा ‘डिसरिगार्ड’ वापरा; कानाला मऊ लागतं.

राजीनामा मागे घ्यायचा असेल तर ‘आय विथड्रॉ माय रेझिग्नेशन डेटेड...’ एवढंच वाक्य. तो मान्य झालाय का आणि कंपनीचे नियम काय म्हणतात, ते पत्र देण्याआधी पाहा. पोलिसांपुढचा किंवा कोर्टातला जबाब हा या लेखाचा विषयच नाही. तिथं इंग्रजी सुधारण्याआधी वकील गाठा.

टप्पा ६: तोंडी, फोनवर, मुलाखतीत

इथं सगळा खेळ वेगाचा. चूक ध्यानात येताच त्याच श्वासात दुरुस्त केली तर समोरच्याला ती चूक वाटतही नाही. पाच मिनिटांनी केली तर ती वेगळी बातमी होते.

चालू वाक्यात आकडा किंवा नाव चुकलं: ‘सॉरी, थ्री मंथ्स, नॉट थ्री इयर्स.’ बस. मुलाखत देणारी मुलं इथं घाबरून गप्प बसतात, आणि तीन महिन्यांच्या इंटर्नशिपची तीन वर्षं होऊन नोंदवली जातात. पुढे कागद तपासताना ते खोटं ठरतं.

वाक्य नीट जमलं नाही: ‘लेट मी रीफ्रेज दॅट.’ बोललेलं पुसून नव्याने: ‘स्क्रॅच दॅट.’ हे मोकळं आहे, टीममध्ये बरं. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या बैठकीत नको.

समोरच्याने चूक दाखवली आणि ती खरी निघाली: ‘आय स्टँड करेक्टेड.’ हे वाक्य जसंच्या तसं वापरायचं. ‘आय ॲम स्टँडिंग करेक्टेड’ असं आपल्या ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’च्या चालीवर करू नका. आणि चूक तुमची तुम्हालाच सापडली असेल तर हे लागत नाही. कुणीतरी दुरुस्त केलेलं असावं लागतं.

‘आय मिसस्पोक’, म्हणजे बोलताना चुकलो, हे फक्त बोललेल्यासाठी. मेलमधल्या चुकीला हे लावलं तर विनोद होतो, कारण मेलमध्ये कुणी बोलत नाही. शिवाय अमेरिकी राजकारण्यांनी हा शब्द अडचणीतून सुटायला इतका वापरलाय की त्याला जरा वास येतो. खरं बोलताना ‘आय वॉज राँग अबाउट दॅट’ जास्त शोभतं.

‘आय स्पोक टू सून’ म्हणजे घाईने बोललो, पुढच्याच क्षणी उलटं घडलं. ‘लाइट आली’ म्हणालात आणि तेवढ्यात पुन्हा गेली, की हे वाक्य. उन्हाळ्यात वापरायची संधी भरपूर मिळते.

‘स्लिप ऑफ द टंग’ म्हणजे जीभ घसरणं. नाव, आकडा, छोटा शब्द चुकला तर चालतं. शिवी दिल्यावर ‘इट वॉज अ स्लिप ऑफ द टंग’ म्हटलं तर कुणी मानत नाही, आणि मानूही नये.

*तपासा:* फोनवर दुरुस्त केलेला आकडा त्याच दिवशी एका ओळीच्या मेसेजने पाठवा. फोनवर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ सारखेच ऐकू येतात, त्यात नेटवर्क तुटत असेल तर बोलायलाच नको.

टप्पा ७: वाक्प्रचार कुठे वापरायचे

माझं मत स्पष्ट आहे: स्वतःचं बोलणं मागे घेताना वाक्प्रचार वापरू नका. ते दुसऱ्याने कसं मागे घेतलं हे सांगायला असतात. इंग्रजी बातम्या वाचताना ते ओळखता आले पाहिजेत, एवढंच.

‘ईट वन्स वर्ड्स’ म्हणजे आपलं बोलणं खोटं ठरल्यावर नाइलाजाने ते कबूल करणं. मराठीत शब्द गिळणं म्हणजे ओठावर आलेलं न बोलणं. अर्थ अगदी वेगळा. ‘यंदा आमच्या कॉलेजची टीम हरणार’ म्हणणाऱ्याला टीम जिंकल्यावर इंग्रजीत आपले शब्द खावे लागतात.

‘बाइट युअर टंग’ ही दुसरी फसवी जोडी. आपण बोलून गेल्यावर जीभ चावतो. इंग्रजीत बोलण्याआधी चावायची असते, म्हणजे राग आला तरी गप्प राहायचं. ‘आय बिट माय टंग’ लिहिलंत तर तुम्ही काही बोललाच नाहीत असं समोरचा समजेल.

‘ईट हंबल पाय’ आणि अमेरिकेतलं ‘ईट क्रो’ म्हणजे मान खाली घालून चूक मान्य करणं. ‘बॅकपेडल’ म्हणजे आपली सारवासारव: बोललोही होतो आणि नाहीही, असं मागे मागे सरकणं. ‘बॅकट्रॅक’ही त्याच्याच जवळचं. ‘यू-टर्न’ म्हणजे घूमजाव, बहुतेक सरकारच्या धोरणाबद्दल. ‘क्लाइंब डाउन’ आणि ‘रो बॅक’ ब्रिटिश वर्तमानपत्रांत, ‘वॉक बॅक’ अमेरिकी बातम्यांत. शेवटच्याचा अर्थ मागे चालत जाणं असा लावून गोंधळणारे पुष्कळ. ‘ही वॉक्ड बॅक हिज रिमार्क्स’ म्हणजे त्याने आपलं बोलणं बरंचसं सौम्य केलं.

या सगळ्यांत थोडी टिंगल आहे. म्हणून साहेबांबद्दल ‘यू हॅव बॅकपेडल्ड, सर’ असं मेलमध्ये लिहिणं म्हणजे त्यांना तोंडावर ‘तुम्ही सारवासारव करताय’ म्हणणं. त्या जागी ‘ॲज आय अंडरस्टँड, द डिसिजन हॅज चेंज्ड’ लिहा.

टप्पा ८: पाठवण्याआधी आणि नंतर

मूळ चूक ज्यांनी ज्यांनी वाचली, त्यांना सगळ्यांना हा मेल गेला पाहिजे. दहा जणांच्या सीसीमध्ये कुणाला दोष दिला आणि मागे घेताना फक्त त्या एकाला खासगीत लिहिलं, तर बाकीच्या नऊ जणांच्या लेखी तो दोषीच राहतो. जमल्यास त्याच मेलच्या साखळीत उत्तर द्या, म्हणजे जुनं आणि नवं एकत्र दिसेल.

पाठवण्याआधी मोठ्याने वाचा आणि तीन शब्द शोधा: ‘बट’, ‘इफ’, ‘बोथ’. सापडले तर ते वाक्य पुन्हा लिहा. ‘माय वर्ड’ असेल तर ‘व्हॉट आय सेड’ करा. विषयाची ओळ रिकामी नको.

मागे घेतलेलं पुन्हा मागे घ्यायची वेळ येऊ देऊ नका. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारीत तर तशी सोयच नाही: माघारीची नोटीस एकदा दिली की ती रद्द करता येत नाही, असं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ३७ सांगतं. मेलला असा कायदा नसला तरी वाचणारे तसंच वागतात. दुसऱ्यांदा बदललं की पुढचं तुमचं कोणतंच वाक्य ते फोन करून विचारल्याशिवाय खरं धरत नाहीत.

समोरून ‘नोटेड’ एवढंच उत्तर आलं तर घाबरू नका. रागाने लिहिलेलं असेलच असं नाही. कामाच्या इंग्रजीत ते पुरेसं असतं. त्यावर पुन्हा ‘सॉरी वन्स अगेन, सर’ पाठवू नका. १७ जूनला लॉट पोचला का, ते विचारणारा मेल पाठवा.